भोपळ्याची कबर

साठ रुपये. ओट्यावर मांडून ठेवले
आणि पोरांना सांगितलं, ईस्टर यातच बसवायचा.
स्टेशन रोडच्या दुकानात चॉकलेटचा ससा आलाय म्हणे,
चकचकीत कागदातला, एकटाच दोनशे चाळीसला.
अलीशिबा म्हणाली, "ससा नकोच. त्याचं बायबलात काय काम?"
अकरा वर्षांची आहे. परवडत नाही हे
ती असं धर्मशास्त्रात बसवते.

सहा अंडी, बेचाळीस. दोऱ्याचं रीळ, दहा.
उरलेले आठ परत डब्यात.

मिरजेच्या मंडईत कांदेवाल्यानं पिशवीभर टरफलं दिली,
वर विचारलं, "गुरांना व्हय, ताई?"
हळद घरचीच, सांगलीच्या पेठेतून भावजींनी आणलेली.
मुदत संपलेल्या बँडेजचा एक रोल
मेट्रनना विचारून घेतला. न विचारता
आजवर एक सुईसुद्धा आणली नाही.

शनिवारी दुपारी सुमंतनं अंडी फुंकली.
दोन टोकांना दोन भोकं, आणि गाल बँडवाल्यासारखे.
वाडग्यात साठलेलं शेजारच्या फ्रीजमध्ये झाकून ठेवलं.
चाळीस दिवस अंड्याला शिवलो नाही,
एका रात्रीनं काय होतंय?

पोकळ अंडी रंगात बुडत नाहीत.
हे कुणी सांगत नाही.
वर बशी ठेवली, बशीवर वरवंटा.
कोथिंबिरीचं पान चिकटवून
जुन्या बनियनच्या चिंधीत आवळलेलं अंडं
सोडवलं तेव्हा विटकरी पाठीवर
ते पान फिकट उमटलेलं, शिरांसकट.
पिवळ्या अंड्यावर मकबूलचाचांच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका दिला,
तो बघता बघता लाल झाला.
ओबेदनं हात मागे घेतला. "याला लागलं का?"

एक त्याच्या मुठीत फुटलंच.
रडायच्या आत अलीशिबानं त्या अर्ध्या कवचात
माती भरली, चिमूटभर मेथी पेरली,
आणि आपण मुळात हेच करणार होतो
असं तोंड केलं.

कबर चाचांनीच दिली.
सतारीसाठी आणलेला भोपळा, तडा गेलेला.
"ह्याचा सूर काय लागत न्हाई. न्या पोरांला."
करवतीनं तोंड कापून दिलं, कड घासूनसुद्धा दिली.
दाराशी कृष्णाघाटावरचा गोल गोटा.
आत बोललं की आवाज घुमतो.
पोरं आळीपाळीनं आपलं नाव आत सांगत बसली.

मग ओबेदनं कपड्यांचा एक लाकडी चिमटा घेतला,
बॉलपेननं त्याला डोळे काढले,
बँडेजमध्ये गुंडाळला आणि आत निजवला.
मी म्हटलं, "राजा, ती रिकामी असते."
"आज शनवार हाय ना, मम्मी."

इतकी वर्षं देवळात बसते मी.
शुक्रवारी रडतो, रविवारी गातो.
मधल्या दिवशी आत कुणीतरी आहे,
हे मला सहा वर्षांच्या पोरानं सांगावं.

रात्री ड्यूटी होती. सात नंबरच्या आजोबांनी
तीनदा विचारलं, उजाडलं का.
तिसऱ्यांदा मी खिडकी उघडून दाखवली.
नुकतंच फटफटत होतं.

घरी आले तर गोटा बाजूला, भोपळा रिकामा,
आणि बँडेजची घडी, चारी कोपरे जुळवलेली,
जशी आम्ही वॉर्डात घालतो तशी.
पण मी तर वॉर्डात होते.
सुमंत म्हणाला, मी झोपलो होतो.
अलीशिबा बायबलावर हात ठेवायला निघाली.
चाचांच्या दाराला कुलूप.
ओबेदला काही विचारायचंच नव्हतं.
तो भुर्जी खात होता, दोन पाव संपवून तिसरा मागत.

मंगळवारी मेथीला दोन पानं फुटली.
युनिफॉर्म काढायला गच्चीत गेले,
तर दोरीवर तोच चिमटा,
माझी बाही घट्ट धरून,
बॉलपेनचे डोळे उन्हाकडे.